मासे सोडण्याआधी ड्रमला त्याचा इतिहास विचारा

वाचक भगिनीचं पत्र :

नमस्कार ताई. आम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. घरामागे अंगण आहे, वर गच्ची आहे. मासे आणि पालेभाजी एकाच पाण्यावर वाढवायची, म्हणजे अ‍ॅक्वापोनिक्स करायचं, असं आम्ही दोघांनी ठरवलंय. नवीन खर्च शक्यतो नको, म्हणून घरात काय आहे ते आधी पाहिलं. अंगणात सिमेंटचा जुना हौद आहे. माळ्यावर सासूबाईंचं तांब्याचं घंगाळ आहे, त्यात छोटे मासे छान दिसतील असं वाटतं. पत्र्याची एक टाकी आहे, पूर्वी त्यात पाणी साठवत असू. भंगारवाल्याकडे निळे ड्रम आहेत. तो म्हणतो, ‘साबणाचेच होते, धुतले की झालं.’ शिवाय गाडीचे चार जुने टायर पडून आहेत, त्यांत झाडं लावता येतील का? भाजी घरातली नातवंडं खाणार आहेत, म्हणून आधी विचारते. यातलं काय चालेल?

उत्तर :

ताई, नमस्कार.

नातवंडांच्या ताटात जाणारी भाजी आहे म्हणून आधी विचारलंत, हे फार बरं केलंत. सरळ उत्तर आधी देते. हौद चालेल, पण आत अस्तर घालून. घंगाळ, पत्र्याची टाकी आणि टायर तिन्ही बाजूला ठेवा. साबणाचे ड्रम घेऊ नका. दुसरे चांगले मिळतात, ते कसे ओळखायचे हे पुढे सविस्तर सांगते. आता कारणं. ती कळली की उद्या दुसरी एखादी वस्तू समोर आली तर तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

कुंडीला घातलेलं पाणी मातीतून खाली निघून जातं. मातीतला सेंद्रिय भाग आणि चिकणमाती बरीच घाण धरून ठेवते. अ‍ॅक्वापोनिक्समध्ये तेच पाणी महिनोन्‌महिने फिरत राहतं. माशांच्या टाकीतून भाजी लावलेल्या खडीच्या वाफ्यात, वाफ्यातून परत टाकीत. आपण वरून भर घालतो ती फक्त उडून गेलेल्या आणि झाडांनी प्यायलेल्या पाण्याची. उडतं ते निव्वळ पाणी, त्यात विरघळलेलं सगळं मागे राहतं. म्हणजे भांड्यातून रोज कणभर काही सुटत असेल तर ते साचत जातं. आणि त्या पाण्यात मासा चोवीस तास कल्ल्यांनी श्वास घेतो. कल्ल्याची कातडी इतकी पातळ असते की पाण्यातलं बरंचसं थेट रक्तापर्यंत पोचतं.

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. हे पाणी आपोआप आंबट होत जातं. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया येतो. खडीवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि ते नायट्रेट पालक, मेथी, तुळस उचलतात. सगळा खेळ या जिवाणूंवर आहे. पण हे काम करताना ते पाण्यातला क्षार खातात. एक ग्रॅम अमोनिया-नत्रामागे साधारण ७ ग्रॅम चुन्याइतका क्षार खर्च होतो. त्यामुळे सुरुवातीला ७.५ किंवा ८ असलेला सामू (म्हणजे पीएच; तो ७ च्या खाली गेला की पाणी आंबट) काही आठवड्यांत ७ च्या खाली येऊ लागतो, आणि झाडांना तो ६.५ च्या आसपास आवडतोही. म्हणजे ‘या टाकीत आम्ही वर्षानुवर्षं पाणी साठवलं, काही झालं नाही’ हा दाखला इथे उपयोगाचा नाही. त्या टाकीतलं पाणी आंबट नव्हतं, रोज बदलत होतं, आणि त्यात कोणी श्वास घेत नव्हतं.

आता घंगाळ. तांब्याच्या भांड्यातलं पाणी आपण आरोग्याला चांगलं म्हणून पितो, मग माशांना काय झालं, असं तुमच्या मनात येणं साहजिक आहे. आपल्या पोटात गेलेलं थोडंसं तांबं यकृत सांभाळून घेतं. माशाच्या बाबतीत तांबं थेट कल्ल्यावर बसतं आणि शरीरातलं मीठ सांभाळण्याची त्याची व्यवस्थाच बिघडवतं. लिटरमागे मिलिग्रॅमचा छोटा अंशसुद्धा, विशेषतः मऊ आणि आंबट पाण्यात, मासे मारायला पुरतो. द्राक्षबागेत केवडा या बुरशीच्या रोगावर बोर्डो मिश्रण मारतात ते याच गुणासाठी: मोरचुदातलं तांबं बुरशी मारतं, शेवाळ मारतं, गोगलगाई मारतं. आपल्या खडीवरचे कामाचे जिवाणूही त्यातून सुटत नाहीत. ‘आतून कल्हई करून घेतली तर?’ असं विचाराल, म्हणून तेही सांगते. कल्हईचा थर फार पातळ असतो, खडा किंवा जाळी घासली की खालचं तांबं उघडं पडतं, आणि कथलात शिसं मिसळलेलं असेल तर आणखी एक काळजी वाढते. सासूबाईंचं घंगाळ दारात ठेवा, पाणी भरून फुलं सोडा. त्याची शोभा तिथे आहे.

हाच नियम पितळेला. टाकी प्लॅस्टिकची घेतली, पाइप प्लॅस्टिकचे घेतले आणि मध्ये पितळी कॉक बसवला, असं पुष्कळ ठिकाणी दिसतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. प्लंबर सवयीने पितळी व्हॉल्व्ह लावेल, त्याला आधीच सांगून ठेवा: कॉक, निपल, गाळणी सगळं प्लॅस्टिकचं.

पत्र्याच्या टाकीवर जस्ताचा मुलामा असतो. साध्या पाण्यात त्यावर पांढरट थर बसतो आणि तो जस्ताला धरून ठेवतो. सामू ७ च्या खाली उतरला की हाच थर विरघळू लागतो. जस्तात एक फसवी बाब आहे. झाडांना ते थोडं लागतंच, म्हणून भाजी टवटवीत दिसते आणि टाकीत मासे मात्र वर येऊन तोंड उघडझाप करत राहतात. लोक मग हवेचा पंप वाढवतात, खाणं बदलतात, औषध घालतात. टाकीकडे कोणी बघत नाही. आतून रंग लावून ती वाचवू नका, पत्र्याचा रंग पोपडे धरतोच. अ‍ॅल्युमिनियमची पातेली, टोप यांनाही आंबट पाण्यात हेच लागू. स्टेनलेस स्टील चालतं, पण त्या पैशात दुप्पट-तिप्पट मोठी प्लॅस्टिकची टाकी येईल.

टायरबद्दल जरा आग्रहाने सांगते, कारण सध्या रंगवलेल्या टायरमधल्या बागा जिकडेतिकडे दिसतात. रबर कडक करताना त्यात जस्ताचं ऑक्साइड घालतात. ऊन-हवेने रबर तडकू नये म्हणून आणखी रसायनं घालतात. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात शहराजवळच्या ओढ्यांत अंडी घालायला परतणारे कोहो सामन मासे पावसाचं पाणी रस्त्यांवरून वाहून आलं की मरून पडत. कित्येक वर्षं कारण सापडत नव्हतं. २०२० मध्ये संशोधकांनी ते शोधलं: टायरमधल्या ६पीपीडी नावाच्या रसायनाची हवेतल्या ओझोनशी क्रिया होऊन बनणारा एक पदार्थ. आपले मासे सामन नाहीत, सगळ्या जातींना तो सारखाच घातक असतो असंही नाही. पण आपलं पाणी तर सतत त्या रबराला लागून फिरणार. फुलझाडांची साधी माती भरायला टायर वापरायचे तर वापरा, या पाण्यात आणि खायच्या भाजीला नकोत.

हौदाकडे येऊ. तुमच्या यादीतली सगळ्यात किमती वस्तू तीच आहे, कारण तो जमिनीवर पक्का बसलेला आहे आणि मातीच्या सोबतीने उन्हाळ्यात पाणी थंड ठेवील.

सिमेंटची अडचण चुन्याची. नव्या सिमेंटमधून चुना सुटतो आणि सामू ९-१० च्याही वर जातो. त्यात अमोनियाचं गणित बिघडतं. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, त्यातलं एक माशाला फारसं बाधत नाही आणि दुसरं विषारी असतं. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर विषारी भाग शेकडा अर्धा-पाऊण टक्का असतो, ८ ला तो पाच टक्क्यांच्या वर जातो आणि ९ ला एकूण अमोनियाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त होतो. म्हणजे मासे तेवढेच, खाणं तेवढंच, पण भांड्यामुळे पाणी विषारी.

तुमचा हौद जुना आहे, त्यामुळे त्याचा बराच चुना निघून गेला असणार. तरी तपासा. हौद घासून साबणाशिवाय धुवा, भरा, तीन-चार दिवस ठेवा आणि सामू मोजा. माशांच्या दुकानात मिळणारं थेंबांचं किट पुरतं. तो ८ च्या वर गेला तर पाणी काढून टाका, पुन्हा भरा, असं तो स्थिर होईपर्यंत करत राहा. व्हिनेगर घातलेल्या पाण्याने भिंती पुसल्या तर काम लवकर होतं. नवा हौद माशांसाठी तयार करताना त्यात केळीचे खुंट किंवा चिंच कुजत घालण्याची जुनी रीत आहे, तिच्यामागेही हेच: कुजताना सुटणारी आम्लं चुन्याला मारतात.

एवढं करूनही माझा सल्ला अस्तराचा आहे. कारण पुढे पाणी आंबट होऊ लागलं की ते पुन्हा भिंतीतला चुना ओढणार, सामू साडेसातच्या खाली येणारच नाही, आणि मग झाडांना लोह मिळत नाही. कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसलं की ते हेच. अस्तराला आपल्याकडे उत्तम वस्तू सहज मिळते: शेततळ्याचा कागद. ५०० मायक्रॉनचा, एचडीपीई या प्लॅस्टिकचा कागद शेततळ्यांसाठी सगळीकडे विकला जातो, त्यावर आयएस १५३५१ हा भारतीय मानकाचा क्रमांक बघून घ्या. दुकानदाराकडे मोठ्या तळ्यातून उरलेला तुकडा बहुतेक असतोच. हौदाच्या कोपऱ्यांत घड्या नीट घाला, खाली जुनी गोणपाटं अंथरा, वरची कड विटांनी दाबा. ट्रकवर टाकतात ती ताडपत्री किंवा मऊ पीव्हीसीचं रेक्झिनसारखं कापड घेऊ नका. ते मऊ ठेवण्यासाठी आणि बुरशी लागू नये म्हणून जे घालतात ते हळूहळू पाण्यात उतरतं. अस्तराऐवजी इपॉक्सीचा लेप लावायचंच ठरलं तर पिण्याच्या पाण्याच्या टाकीसाठीचं असं डब्यावर लिहिलेलंच लावा आणि पूर्ण आठवडाभर वाळू द्या. गळती थांबवायला डांबराचा लेप अजिबात नको.

आता ड्रम. तुमच्या पत्रातलं ‘साबणाचेच होते’ हे वाक्य वाचून मी थांबले.

प्लॅस्टिकच्या ड्रमवर त्रिकोणात आकडा असतो. २ म्हणजे एचडीपीई, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ही दोन्ही आपल्या कामाला उत्तम. ४ म्हणजे एलडीपीई, तेही चालतं. ३ म्हणजे पीव्हीसी, ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, ७ मध्ये ‘इतर’ सगळं येतं, त्यात पॉलिकार्बोनेटही. हे भांडी म्हणून टाळा. पण हा आकडा प्लॅस्टिकची जात सांगतो, एवढंच. ते प्लॅस्टिक खाण्याच्या वस्तूंसाठी बनवलेलं होतं का, आणि त्यात आधी काय भरलं होतं, हे तो सांगत नाही. आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं. कीटकनाशक भरलेला ड्रमही २ आकड्याचाच असतो.

एचडीपीई काचेसारखं नसतं. तेलकट रसायनं, द्रावकं, कीटकनाशकं त्याच्या भिंतीत मुरतात. लोणचं भरलेल्या प्लॅस्टिकच्या बरणीचा वास दहादा धुऊनही जात नाही, हे तुम्ही स्वयंपाकघरात पाहिलं असेल; ड्रमच्या भिंतीतही तसंच मुरतं आणि उन्हात तापला की परत बाहेर येतं. म्हणून ‘धुतला की झालं’ हे सगळ्याच ड्रमांना लागू नाही.

साबणाच्या ड्रमात फेसाचं जे दाट रसायन येतं, ते पाण्याचा पृष्ठताण मोडतं. म्हणून तर कपडे स्वच्छ होतात. त्यानेच माशाच्या कल्ल्यावरचा बुळबुळीत थर निघून जातो. ओळखीतल्या एका घरी असेच शाम्पूच्या कच्च्या मालाचे ड्रम आणले होते. कितीतरी पाणी ओतून धुतले. पहिले काही दिवस सगळं ठीक होतं. पंपाचं पाणी जिथे वरून पडायचं तिथे सकाळी पांढरा फेस जमायचा, बोटाने बाजूला केला तरी तासाभरात परत यायचा. मेथी मस्त उगवली होती. मासे मात्र पृष्ठभागाला चिकटून, पाणी पडतं त्याच कोपऱ्यात गोळा होऊन राहायचे. बूच उघडून पाहिलं तेव्हा बुचाच्या आट्यांमध्ये आणि वरच्या काठाच्या पोकळ कडेत चिकट जेली बसलेली होती. तिथे हात पोचत नाही आणि पाण्याची धारही पोचत नाही.

म्हणून भंगारात ड्रम घेताना मी असं करायला सांगते. आधी लेबल बघा, अर्धं फाटलेलं असलं तरी. कीटकनाशकाच्या डब्यावर आपल्या देशात कायद्याने तिरक्या चौकोनाचं चिन्ह असतं आणि त्याचा खालचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असतो. लाल सर्वांत विषारी, हिरवा सर्वांत कमी. यातला कुठलाही रंग दिसला तर ड्रमला हात लावू नका, हिरवा असला तरीही. लेबल खरवडून काढलेलं असेल तर तेही नको. मूळ माल सांगता येत नसेल तर तो ड्रम आपल्यासाठी नाही. मग बुडाचा ठसा बघा. वर्तुळात यू आणि एन ही इंग्रजी अक्षरं आणि पुढे १एच१ किंवा १एच२ असं दिसेल. १एच१ म्हणजे दोन बुचांचा बंद डोक्याचा, १एच२ म्हणजे पूर्ण झाकण निघणारा. पुढचं एक्स, वाय किंवा झेड हे अक्षर किती धोकादायक मालासाठी हा ड्रम चाचणीत उतरलाय ते सांगतं. या ठशावरून आत विषच होतं असं ठरत नाही, पण ड्रम कुठल्या बाजारातून आला असेल याचा अंदाज येतो. एमआयडीसीतल्या रसायनांच्या कारखान्यांतून भंगारात येणारा माल बराच असतो, हे लक्षात असू द्या.

नंतर वास. थंड सावलीत वास घेऊन उपयोग नाही. बुचं लावून ड्रम दुपारभर उन्हात ठेवायला सांगा आणि मग बूच काढा. नाक थेट भोकाला लावू नका, हाताने हवा आपल्याकडे ओढा. रॉकेल, थिनर, नेलपॉलिश, फवारणीच्या औषधाचा वास आला तर विषय संपला. लोणचं, व्हिनेगर, काकवी, फळांचा गर असा वास आला तर तो ड्रम घेण्यासारखा. शेवटी थोडं पाणी घालून जोरात हलवा. फेस येऊन टिकला तर परत करा.

असा ड्रम शोधायचा कुठे? भंगारवाल्याच्या आधी जिथून रिकामा होतो तिथेच जा. बेकरी, मिठाईवाले, आइस्क्रीम आणि सरबतं करणारे, लोणची-जॅमचे छोटे कारखाने. त्यांच्याकडे लिक्विड ग्लुकोज, खाद्यतेल, व्हिनेगर, फळांचा गर ड्रमांतून येतो. लिक्विड ग्लुकोजचा ड्रम तर गरम पाण्याने धुतला की खरंच स्वच्छ होतो, साखर पाण्यात विरघळते. थोडे जास्त पैसे पडतील. माशाच्या एका खेपेच्या किमतीत ते वसूल होतात, आणि नातवंडांच्या भाजीचा प्रश्न तर त्याहून मोठा आहे.

धुताना डिटर्जंट नको. गरम पाणी, खाण्याचा सोडा, मग व्हिनेगरचं पाणी, मग साधं पाणी, आणि दोन-तीन दिवस उघडा उन्हात. त्यानंतर घरच्या घरी एक परीक्षा घ्या. ड्रममध्ये तीन दिवस उभं राहिलेलं पाणी एका वाटीत आणि तुमचं नेहमीचं पाणी दुसऱ्या वाटीत घेऊन दोन्हींवर कापसात मेथीचे दाणे रुजत घाला. चार दिवसांनी मुळांची लांबी शेजारी शेजारी ठेवून बघा. ड्रमच्या वाटीतली मुळं आखूड, तपकिरी टोकांची निघाली तर तो ड्रम कचरा साठवायला ठेवा. मुळं सारखी आली तरी माशांची परीक्षा बाकी असते. मुळांना न बाधणारं माशाला बाधू शकतं. म्हणून सुरुवातीला मोजकेच मासे सोडायचे आणि पंधरा दिवस लक्ष ठेवायचं.

नवीन घ्यायचं ठरवलंत तर काम सोपं आहे. पिण्याच्या पाण्याच्या रोटोमोल्डेड टाक्यांवर आयएस १२७०१ असतं, ते बघा. खाद्यपदार्थांना लागणाऱ्या पॉलिथिलीनसाठी आयएस १०१४६ आणि पॉलिप्रॉपिलीनसाठी आयएस १०९१० आहे. चांगल्या क्रेटवर आणि पिंपांवर यातलं एखादं किंवा पेला-काट्याचं चिन्ह असतं. बाजारात ‘अँटी-बॅक्टेरियल थर’ असलेल्या टाक्याही मिळतात. आपल्याला जिवाणू हवेत, तो थर तांब्याचा असेल तर मासेही धोक्यात, म्हणून साधीच घ्या. काळ्या स्वस्त टब-घमेल्यांचं प्लॅस्टिक बहुतेक पुनर्वापरातलं असतं, कशाकशाचं वितळवून केलंय ते कळत नाही. बांधकामाला ठीक, भाजीला नको. पारदर्शक काहीही घेऊ नका, शेवाळाने पाणी हिरवं होईल. निळ्या ड्रमातूनही उजेड जातो, त्याला बाहेरून पांढरा रंग द्या किंवा गोणपाट गुंडाळा. रंग बाहेरूनच. फायबरची टाकीही चांगली, मत्स्यबीज केंद्रांत त्याच वापरतात. आतला गुळगुळीत थर फुटून धागे दिसत नसावेत आणि नव्या टाकीचा उग्र वास पूर्ण गेलेला असावा.

पाइप पीव्हीसीचे चालतात. पिण्याच्या पाण्याच्या कडक पाइपवर आयएस ४९८५ असतं. पूर्वी पाइप टिकावा म्हणून त्यात शिशाची संयुगं घालत. २०२१ मध्ये केंद्राने हे शिसं थांबवण्यासाठी स्वतंत्र नियम काढले. म्हणून गोठ्यात पडलेला जुना पाइप वापरू नका, नवीन आणि शिक्क्याचा आणा. जोडाला सोल्युशन लावल्यावर दोन दिवस वाळू द्या, एकदा पाणी फिरवून टाकून द्या. बागेला पाणी घालायचा मऊ रंगीत पाइप कायम पाण्यात बुडवून ठेवू नका. फटी बुजवायला काचेच्या फिशटँकसाठीचं सिलिकॉन मिळतं. बाथरूमचं ‘बुरशीरोधक’ लिहिलेलं नको, बुरशी मारणारं औषध त्यातच असतं. आणि पंप तेल भरलेला नसावा, त्याचं सील गेलं की टाकीभर तेल.

खडीचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण वाफ्यात सर्वांत जास्त जागा तीच घेते. तुमच्या भागात बेसाल्टची काळी खडी हवी तेवढी आहे आणि ती फार चांगली. २० मिलिमीटरची आणा, क्रशरची भुकटी जाईपर्यंत धुवा. आपल्या काळ्या दगडात कुठे कुठे पांढऱ्या रेघा आणि पोकळ्यांत स्फटिक असतात. त्यातले काही कॅल्साइटचे, म्हणजे चुन्याचेच. मूठभर खडीवर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर त्या ढिगात चुना जास्त आहे, दुसरा ढीग बघा. संगमरवराचे तुकडे याच कारणासाठी नकोत. महाबळेश्वर-पाचगणीकडचा जांभा दिसायला छान, पण तो झिजतो आणि पंपात लाल गाळ बसतो.

गच्चीचा मोह मात्र आवरा. लोकांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी आयएस ८७५ मध्ये चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरतात. १५ सेंटिमीटर पाणी उभं राहिलं की तेवढा भार झाला. एक फूट खोल ओल्या खडीचा वाफा चौरस मीटरला ५०० किलोच्या पुढे जातो आणि १००० लिटरची टाकी म्हणजे सव्वा चौरस मीटरवर एक टन. इंजिनिअरला दाखवल्याशिवाय वर काही नेऊ नका. तुमच्याकडे अंगण आहे, हौदही तिथेच आहे.

मग मांडणी अशी होईल: अस्तर घातलेला हौद माशांना, लिक्विड ग्लुकोजचे दोन ड्रम उभे कापून त्यांचे चार वाफे, खडी काळी, कॉक प्लॅस्टिकचे. ड्रमची कापलेली कड घासून गुळगुळीत करा, नातवंडांचे हात तिथे जाणारच. उन्हासाठी वर ५० टक्क्यांची शेडनेट. पहिली खेप कोई किंवा गोल्डफिशची घ्या, पाणी स्थिरावलं की पुढचं बघू. चिलापी (तिलापिया मासा) या पद्धतीला उत्तम, पण तिच्या पालनाला मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी लागते, जिल्ह्याच्या कार्यालयात आधी विचारा. थाई मागूर कोणी देऊ केला तर घेऊ नका, त्याला देशात बंदी आहे.

ड्रम पसंत पडला की पैसे देण्याआधी त्याच्या बुडाचा, लेबलाचा आणि बूच उघडून आट्यांचा असे तीन फोटो पाठवा. बघून लगेच कळवते.